खंडेनवमीचा पंप

यंत्र चालवायला अंगात ताकद लागत नाही, इंग्रजी वाचता यावं लागतं, असं माझं सेहेचाळीस सालच्या खंडेनवमीपर्यंत ठाम मत होतं. मी मॅट्रिक. इंग्रजीत शंभरापैकी एकोणसाठ! वाईला आमच्या आळीत एवढे कुणाला पडले नव्हते. त्यामुळे जगातलं कुठलंही यंत्र माझ्यासमोर आणून ठेवलं तर ते मुकाट्यानं चालू लागेल याबद्दल मला शंका नव्हती. त्या मताचं पुढं काय झालं ते सांगतो. हसायचं असेल तर खुशाल हसा, साताऱ्यातले सगळे हसून मोकळे झालेत.

मी तेव्हा साताऱ्याला लालासाहेबांच्या मोटार सर्व्हिसमध्ये कारकून होतो. लालासाहेब कोरेगावकडचे मोठे ऊस बागायतदार. माणूस दांडगा आणि फेटा माणसाहून दांडगा. पोवई नाक्याजवळ आमचा मोटारींचा अड्डा होता. एक पत्र्याची शेड, एक लिंबाचं झाड, एक विहीर आणि कचेरी म्हणून एक खोली. त्या खोलीत मी, माझं टेबल आणि जुने टायर असे एकत्र राहत होतो. राहत होतो म्हणजे खरोखरच राहत होतो, कारण माझं बिऱ्हाडही तेच होतं.

आणि तेच तर दुखणं होतं. माझ्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं, आणि बायको, शरयू, सांगलीला माहेरी. टायरांच्या खोलीत बायको आणायची कशी? तिचे वडील विष्णुपंत पेन्शनर हेडमास्तर. ते दर पत्रात एकच ओळ लिहीत : 'जागेचे काय झाले, कळवावे.' शरयूची पत्रं वेगळी असत. तिनं लिहिलं होतं, 'मागच्या कोजागिरीला दूध एकटीनं आटवलं आणि एकटीनं प्यायले. यंदाही तसंच झालं तर तुमच्या वाट्याचंसुद्धा पिऊन टाकीन.' ते वाचून मला टायरावर बसून रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

सुटकेची वाट निघाली ती लालासाहेबांच्या पाचव्या मोटारीनं. सातारा ते सांगली नवी सर्व्हिस सुरू करायची होती. सांगली संस्थानची परवानगी आली होती. राहिलं होतं फक्त मोटार पास होणं. ती पास झाली की सांगलीत कचेरी निघणार, कचेरीच्या वर राहायला दोन खोल्या, आणि तिथं एक एजंट बसणार. लालासाहेबांनी मला बोलावून सांगितलं, "हरिपंत, तेवढी मोटार पास करून घ्या आन् जावा सांगलीला."

मी त्याच दिवशी दोन पत्रं टाकली. शरयूला लिहिलं की कोजागिरीच्या आत येतो, दूध दोघांचं आण. विष्णुपंतांना लिहिलं की जागेचं झालं आहे, शिवाय कंपनीचा यंत्रविभाग सध्या माझ्या हाताखाली आहे.

यंत्रविभाग म्हणजे एक पंप. लढाई संपल्यावर पलटणीचा उरलासुरला माल विकायला निघाला, त्यातून लालासाहेबांनी तो उचलला होता. खाकी रंग, दोन चाकं, वर इंजिन, मागं पाण्याची टाकी, जाड रबरी पाइप आणि पाइपाच्या तोंडाला हातभर लांब पितळी तोटी. पलटणीत चिखलानं भरलेल्या ट्रका त्यानं धूत. पाणी असल्या जोरानं सुटायचं की वाळलेला चिखल पापुद्र्यासारखा उडून पडायचा. आणि त्याच्याबरोबर एक पुस्तक आलं होतं. इंग्रजी! ते पाहून मला पंप आपलाच असल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे सयाजी म्हणून मिस्त्री होता. पलटणीत हवालदार होऊन, पाच वर्षं परमुलखात काढून आलेला, बोलायला फार कमी. पंप आला त्या दिवशी त्यानं त्याच्याभोवती एक चक्कर मारली, टाकीवर थाप मारली आणि ह्यो माज्या वळखीचा हाय म्हणाला. मी त्याला समजुतीनं सांगितलं की हवालदार, हे पुस्तकाचं काम आहे, तुम्ही फक्त मी सांगेन तसं करा. तो बरं म्हणाला.

पुस्तकात रोजची देखभाल दिली होती. ती मी सुवाच्य मराठीत लिहून शेडच्या खांबाला चिकटवली. टाकीतली जाळी रोज काढून धुवावी, म्हणजे कचरा पंपात जात नाही. आतल्या चामड्याच्या वायसरला तेल द्यावं. सांध्यांना ग्रीस भरावं. सेफ्टी रोज पाहावी. ही सेफ्टी म्हणजे अंगठ्याएवढी पितळी झडप. आत दाब फार वाढला की ती आपोआप उघडते आणि पाणी बाजूला सोडून देते. सोडताना शिट्टीसारखी वाजते, म्हणून सयाजी तिला शिट्टी म्हणायचा. तोटी दोघांनी धरावी. आणि शेवटचं, टाकी कधीही रिकामी होऊ देऊ नये, नाहीतर वायसर जळतो.

हे शेवटचं कलम मी बनुबाईंवर सोपवलं होतं. बनुबाई दहा वर्षं आमच्या मोटारी ओल्या पोत्यानं पुसत आल्या होत्या. पंप आल्यावर त्यांच्याकडे टाकी भरायचं काम आलं. विहिरीवरून घागरी आणायच्या आणि ओतायच्या. मी त्यांना बजावून ठेवलं होतं की आकाश कोसळलं तरी टाकी रिकामी होता कामा नये. त्यांची पंपावर पहिल्या दिवसापासून श्रद्धा बसली होती. एवढं पाणी पितो आणि एवढ्या जोरानं टाकतो, तेव्हा हा देवच असणार असं त्यांचं म्हणणं होतं. रोज सकाळी त्या आधी पंपाच्या पाया पडत आणि मग घागर उचलत.

दोन महिने पंप सुरेख चालला. मी पुस्तक वाचायचो आणि सयाजी काम करायचा. श्रेय कुणाचं हे पुस्तकात दिलेलं नव्हतं, म्हणून ते मी घेत होतो.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नवी मोटार पुण्याहून बांधून आली. वाटेत खंबाटकीच्या घाटात पाऊस लागलेला, त्यामुळे खिडक्यांपर्यंत चिखल. घाई काहीच नव्हती. पासिंगचे साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी यायचे होते, त्या दिवशी सकाळी मोटार धुवायची ठरली होती. तोवर मोटारीच्या कपाळावरची पाटी रंगवून वाळावी म्हणून खंडेनवमीला सकाळीच अर्जुना पेंटर शिडी लावून चढला होता. 'सातारा' त्यानं आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं आणि आता तो 'सांगली' काढत होता. मी दर दहा मिनिटांनी जाऊन ते वाचून येत होतो.

तेवढ्यात मला पुस्तकातलं एक पान आठवलं. दर दोन महिन्यांनी पंप खोलून त्याचे पितळी भाग काढावेत आणि स्वच्छ करावेत. आजच्यासारखा दिवस नाही असं मी ठरवलं. सयाजी म्हणाला, आज नको, आज हत्यारं बसतात. मी म्हटलं, म्हणूनच आज. झाली तर पंपाची पूजा घासलेल्या अंगानं होईल.

मी जाळी काढली, सेफ्टी काढली, पेट्रोलच्या उघड्या नळाची इवलीशी चावी काढली, आणि तिन्ही वस्तू चिंच आणि राख लावून अशा घासल्या की त्यांत तोंड दिसू लागलं. लालासाहेब तिथून चालले होते. त्यांना ते तेज इतकं आवडलं की त्यांनी स्वतःच्या हातानं तिन्ही वस्तू उचलल्या आणि पाटावर नेऊन ठेवल्या.

लिंबाखाली चार पाट मांडले होते. त्यांवर पाने, हातोड्या, जॅक, पकडी, तेलाची बुधली, माझी दौत आणि बनुबाईंच्या दोन बादल्यासुद्धा. हळदकुंकू झालं, झेंडूच्या माळा पडल्या, धूप फिरला, नारळ फुटला. लालासाहेबांच्या घरून पुरणपोळ्यांची पाटी आली होती, तिचा नैवेद्य झाला, आणि आम्ही सगळे जेवायला बसलो. हत्यारं एकदा पाटावर बसली की दुसऱ्या दिवशी सीमोल्लंघनाला निघेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लालासाहेब इतर कशातही सवलत देतील, यात नाही. एका खंडेनवमीला त्यांच्या स्वतःच्या मोटारीचं चाक बसलं, जॅक पाटावर होता, तर हा माणूस नऊ मैल पायी घरी गेला होता.

दुपारी दोन वाजता दारात टांगा थांबला. आतून पांढरी पाटलोण, पांढरा कोट आणि हातात कागदांची पिशवी घेतलेले एक गृहस्थ उतरले. पासिंगचे साहेब! त्यांची सासुरवाडी मिरजेची. दसऱ्याला तिकडे निघाले होते, तेव्हा वाटेत तुमचं उरकून टाकू म्हणाले. आज नको असेल तर माझी पुढची फेरी दिवाळीनंतर.

माझ्या डोळ्यांसमोर शरयू दोघांचं दूध एकटी पिताना दिसली. मी म्हटलं, "आजच पाहा साहेब. दहा मिनिटांत मोटार आरशासारखी करून देतो."

साहेब लिंबाखाली खुर्चीवर बसले. सयाजीनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की बादल्या पाटावर असल्या तरी घागरी मोकळ्या आहेत, चार माणसं पोती घेऊन लागली तर तासात मोटार धुऊन होईल. मी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. दारात पंप असताना साहेबांसमोर पोतं? यंत्रविभागाची अब्रू काय राहील?

प्रश्न एवढाच होता की पंपाला हात लावायचा की नाही. तो मी लालासाहेबांपुढं मांडला. पंप काही पाटावर बसला नव्हता. पाटावर मावलाच नसता. बसले होते त्याचे फक्त तीन भाग. लालासाहेबांनी मिशीवरून हात फिरवत बराच विचार केला. "अंग बसलं न्हाई, निस्तं दागिनं बसल्यात," ते म्हणाले. "तवा अंगाला काम सांगाया हरकत न्हाई. पर दागिन्यास्नी हात लावायचा न्हाई."

सयाजी एवढं बोललेला मी पूर्वी ऐकला नव्हता. तो म्हणाला, "पंत, जाळी न्हाई तर टाकीतलं सगळं पंपात जाईल. आन् शिट्टी न्हाई तर दाब जाईल कुठं?"

त्याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. सेफ्टीच्या भोकात मी दाणे काढलेलं मक्याचं कणीस ठोकून बसवलं. अगदी बेताचं बसलं. जाळीचं म्हणाल, तर टाकीत कचराच नसेल तर जाळी हवी कशाला? मी बनुबाईंना सगळ्यांदेखत विचारलं की टाकीत काही घाण आहे का. त्यांनी पदर सावरला, खाली पाहिलं आणि म्हणाल्या, "टाकीत वंगाळ कायबी न्हाई."

त्या खोटं बोलल्या नाहीत. पाट मांडल्यापासून बाईंच्या जिवाला लागून राहिलं होतं की एवढ्याएवढ्या पकडीला माळ आणि नैवेद्य मिळाला, आणि हा सगळ्यांत मोठा देव मात्र उपाशी उभा. म्हणून आम्ही जेवत असताना त्यांनी गुपचूप त्याची पूजा केली होती. टाकीचं झाकण उघडून आत हळद, कुंकू, अक्षता, झेंडूची दोन फुलं, आणि तुपाची धार सोडलेल्या पाच पुरणपोळ्या. वंगाळ काय होतं त्यात? पण हे आम्हांला मागाहून कळलं.

मी इंजिनाला दोरी घालून झटका दिला. तिसऱ्या झटक्याला ते धडधडायला लागलं. तोटी मी एकट्यानं धरली. दोघांनी धरावी हे कलम अशक्त माणसांसाठी असावं असा माझा समज होता. साहेब नीट दिसावं म्हणून खुर्ची सोडून मोटारीच्या दाराशी येऊन उभे राहिले. मी तोटी मोटारीवर रोखली, तोटीचा नळ उघडला आणि सुहास्य मुद्रेनं उभा राहिलो.

पाणी आलं नाही.

पाइप मात्र फुगू लागला. इंजिनाचा आवाज बदलला. आधी ते धडधडत होतं, आता कण्हायला लागलं. सयाजी लांबून म्हणाला, बंद करा. मी मान हलवली. एवढ्यात बंद केलं तर साहेबांना काय वाटेल? मी तोटी जरा झटकली, आणि इथून पुढचं सगळं फार वेगानं घडलं.

आधी तोटीतून पुरण सुटलं. आत भिजून वाटून पाचही पोळ्यांचा एकच गोळा झालेला, तो सुटला तो थेट साहेबांच्या कोटावर फुटला. पांढरा कोट क्षणात पिवळाधमक! गालावर झेंडूची पाकळी आणि मिशीत पुरण. साहेबांनी ओठावरून जीभ फिरवली, आणि त्यांच्या तोंडावर भीती आणि ओळख एकदमच उमटली. तोवर मागचं पाणी आलं. साहेबांनी मोटारीचं दार उघडलं, आत उडी घेतली, दार लावलं आणि भराभर सगळ्या काचा वर केल्या. कशासाठी आले होते ते ते विसरले असावेत.

त्या धक्क्यानं तोटी माझ्या हातून निसटली आणि मी चिखलात बसलो. सुटलेला पाइप अंगात आल्यासारखा अड्डाभर नाचू लागला. पहिला तडाखा शिडीला. अर्जुना पेंटर शिडीवरून लिंबाच्या फांदीवर गेला आणि तिथंच राहिला. दुसरा तडाखा पाटीला. 'सातारा' आदल्या दिवशीचं होतं, वाळलेलं होतं, ते टिकलं. 'सांगली' ओलं होतं. मी चिखलात बसून पाहत होतो, आधी गली गेली, मग सां गेला, आणि तांबड्या रंगाचा एक ओघळ मोटारीच्या नाकावरून खाली उतरला. वाटलं, माझा संसारच वाहून चालला.

तिसरा तडाखा पाटांवर. माळा उडाल्या, पाने उडाले, दौत उडाली, बादल्या गडगडत विहिरीकडे निघाल्या. लालासाहेब फेटा सावरत मधे उभे राहून ओरडत होते की कुणी तरी हे बंद करा. बंद करायचं तर पेट्रोलचा नळ फिरवायला हवा, आणि त्याची चावी त्या उडालेल्या वस्तूंत होती. ती नेमकी सयाजीच्या पायाशी येऊन पडली. त्यानं खाली पाहिलं, मग लालासाहेबांकडे पाहिलं.

"मालक, उचलू का?"

लालासाहेब नखशिखांत भिजले होते. फेट्यातून पाणी ठिबकत होतं. पण माणूस शब्दाचा पक्का. "पुजंतली हाय ती," ते म्हणाले. "हात लावशील तर बग."

मग मला सुचलं की घाबरायचं कारण नाही, टाकी रिकामी झाली की पाणी आपोआप थांबेल. मी टाकीकडे पाहिलं. टाकी काठोकाठ भरलेली! बनुबाई पाण्याच्या मारातून वाकून येत होत्या, घागर ओतत होत्या आणि परत विहिरीकडे धावत होत्या. मी ओरडून म्हटलं, बाई, आता पुरे. त्या थांबल्यासुद्धा नाहीत. "आकाश कोसाळलं तरी रिती हूं द्यायची न्हाई, तुमीच म्हनला व्हता," एवढं बोलून त्यांनी आणखी एक घागर ओतली. दोन महिन्यांत माझं एवढं काटेकोर कुणी ऐकलं नव्हतं.

असं किती वेळ चाललं देव जाणे. शेवटी दाबानं आपली वाट शोधली. मक्याचं कणीस भोकातून सुटलं आणि सरळ लालासाहेबांच्या फेट्याला लागलं. फेटा डोक्यावरून उडाला, वाटेत उलगडला आणि सयाजीच्या खांद्यावर येऊन पडला. भोकातून पाण्याची जाड धार सुटली, पाइपातला जोर गेला आणि पाइप जमिनीवर आडवा झाला. इंजिन मात्र धडधडतच होतं. सयाजीनं क्षणभर खांद्यावरच्या फेट्याकडे पाहिलं. फेटा पूजेत बसलेला नव्हता. त्यानं त्याचा एक बोळा केला आणि इंजिनाच्या हवा घ्यायच्या तोंडात कोंबला. इंजिन दोनदा खोकलं आणि थांबलं.

आता लिंबावरून अर्जुनाचं रामराम म्हणणं ऐकू यायला लागलं. लालासाहेबांचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांची नजर चिखलात पसरलेल्या हत्यारांवर होती, आणि वर्षभराचा अपशकुन झाला असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. बनुबाईंनी घागर खाली ठेवली आणि हात जोडले. "मालक, कुनी मानसानं हात लावला न्हाई. देवानंच नैवेद खाल्ला आन् देवानंच उटवल्यात." मग त्यांनी पाच पोळ्यांची हकिगत सांगितली. लालासाहेबांनी ती नीट ऐकून घेतली. त्यांना ते पटलेलं दिसलं, कारण त्यांनी ताबडतोब जॅक उचलायला सांगितला.

आता मोटारीचं दार उघडलं. मी मनाशी हिशेब केला : दिवाळीनंतर, कदाचित कधीच नाही. साहेब पायरीवर उभे राहिले. पुढून पिवळे, मागून कोरडे ठणठणीत. त्यांनी आधी मिशीतलं पुरण टिपलं आणि मग पिशवीतून कागद काढले.

"मी अकरा वर्षं मोटारी पास करतो आहे," ते म्हणाले. "महाबळेश्वरच्या पावसात चालवून पाहिलेल्या मोटारीही आतून गळतात. हिला तुम्ही चारी बाजूंनी झोडपलीत आणि आत एक थेंब आला नाही. अशी परीक्षा मी कुठंच पाहिली नव्हती."

त्यांनी तिथंच सही केली! फक्त पाटीकडे पाहून विचारलं, की साताऱ्याहून ही जाते कुठं? मी म्हटलं, सांगलीला साहेब, सांगलीला! मग त्यांना लालासाहेबांचं धोतर नेसवून पुरणपोळी वाढली. आपल्याकडे पुरणात जायफळ जरा जास्त पडतं, एवढीच तक्रार करून साहेब मिरजेला गेले.

मी ओल्या कपड्यांनी लालासाहेबांसमोर जाऊन उभा राहिलो आणि मोटार पास झाल्याची आठवण दिली. मनातल्या मनात मी सांगलीच्या दोन खोल्यांत दूध आटवायला ठेवलं होतं. लालासाहेब फेट्यातलं काळं तेल पिळत होते.

"सांगलीला सयाजी बसंल," ते म्हणाले.

मी म्हटलं, लालासाहेब, तिथं लिहिण्यावाचण्याचं काम आहे. तेव्हा सयाजीनं खिशातून भिजलेलं पंपाचं पुस्तक काढलं, जे मघाच्या गोंधळात माझ्या खिशातून पडलं होतं. त्यानं ते हलकेच उघडलं आणि त्यातलं एक कलम वाचून त्याचा अर्थही सांगितला. पलटणीत त्याला इंग्रजी अक्षरं शिकवली होती, आणि या जातीचे सहा पंप तीन वर्षं त्याच्या ताब्यात होते. मी थक्क होऊन म्हटलं की हवालदार, हे आधी का नाही सांगितलं? तो म्हणाला, "तुमी इचारलं न्हाई."

पण लालासाहेब मनानं वाईट नव्हते. शरयूची हकिगत त्यांना ठाऊक होती. मला सांगलीला पाठवायचं त्यांनी कबूल केलं, मात्र काम बदलून. पंप साताऱ्यातच राहणार होता आणि मी पंपापासून लांब राहणार होतो. सांगलीची मोटार रोज पहाटे कृष्णेवर नेऊन हातानं धुवायची. पोतं बनुबाईंनी दिलं, आणि ते कसं पिळायचं हेही दाखवलं.

कोजागिरीला मी सांगलीत होतो. दूध दोघांनी प्यायलं. मला इतका आनंद झाला होता की आपण कुठं राहतो आहोत याची फिकीर वाटली नाही. दोन खोल्या एजंटाच्या, म्हणजे सयाजीच्या, त्यामुळे आम्ही विष्णुपंतांच्या माडीवर राहत होतो. रोज पहाटे मी धुतलेलं धोतर नेसून, कोट घालून, यंत्रविभागाची पाहणी करायला म्हणून बाहेर पडायचो. शरयूला मी दहा दिवसांनी खरं सांगितलं. ती म्हणाली की पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, कारकुनाची नखं एवढी स्वच्छ नसतात. पण बाबांना सांगू नका, हेही तीच म्हणाली.

सांगायची वेळ आली नाही. विष्णुपंत घाटावर स्नानाला येतात हे माझ्या डोक्यातच नव्हतं. एका पहाटे मी धोतर वर खोचून, गुडघाभर पाण्यात उभा राहून मागचं चाक घासत होतो. वर पाहिलं तर पायरीवर सासरे उभे. हातात तांब्या, खांद्यावर पंचा. त्यांनी मोटार पाहिली, पोतं पाहिलं, मला पाहिलं. संध्या उरकून निघून गेले. घरी जेवताना त्यांनी फक्त मीठ मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा घाटावर आले. बरोबर त्यांची सायकल होती. ती त्यांनी मोटारीला टेकवून उभी केली आणि म्हणाले, "घाई नाही. माझी संध्या होईपर्यंत झाली तरी चालेल."

मी धुतली. चांगली चकचकीत निघाली. तिसऱ्या दिवशी गावभागातले आणखी तीन पेन्शनर आले, प्रत्येकाच्या हातात सायकल, आणि विष्णुपंत त्यांना मोठ्या अभिमानानं सांगत होते की आमच्या जावयाचा यात हात धरणारा सांगलीत नाही. हसून झालं असेल, तर तुमची सायकल तुम्हीही घेऊन या. सूर्य उगवायच्या आत आलात तर नंबर लवकर लागेल.